अख्ख्या कोबीची पैज

शेळ्या माणसांशी तोंड वर करून बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. गबरू सशाने एक येडी पैज घेतली: अख्खा कोबी एका बैठकीत संपवायचा!

पैज लावली चंपी शेळीने. जळत होती ना ती! गबरू नि त्याची बहीण बागेत लोकांनी टाकलेल्या बिस्किटांवर वाढलेली. इंदूकाकूंनी दोघांना घरी आणलं, नि पोटाला सवय व्हावी म्हणून रोज एक बिस्किट कमी करून मूठभर गवत वाढवायला लागल्या. तेही कोवळं, मांडीवर घेऊन. हे लाड आधी चंपीचे होते.

"मूठ मूठ काय खातोस कुक्कुल्या बाळासारखा? दम असेल तर कोबी संपव!"

संध्याकाळी गबरू पोट फुगून आडवा. काकू रडकुंडीला आल्या. "माझं गवतच बाधलं रे याला. उद्या दोघांना जिथून आणलं तिथेच सोडून येते."

चंपीला हेच तर पाहिजे होतं! तेवढ्यात गबरू कण्हत तिच्या कानात म्हणाला, "चंपीताई, हरलो गं. अर्धाच खाल्ला. उरलेला तुला ठेवलाय."

चंपीने कोबीला तोंड लावलं, पण घास काही गिळवेना.

"काकू," ती मान खाली घालून म्हणाली, "गवताला बोल नका लावू. कोबी मीच खायला लावला. जळत होते मी."