शेवटच्या मोटेचं पाणी

विहिरीवर मोटा चालत, त्या काळातली ही गोष्ट. चांद्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी दिवसभर मोट ओढायची, तरी पाटाच्या शेवटी लावलेलं लिंबाचं रोप तहानलेलंच राहायचं.

"आपली चालच मंद आहे," तरणा चांद्या म्हणाला. त्यानं मोटेच्या चाकाला वंगण घ्यायला लावलं, मोट ओढायच्या दोराला, नाड्याला, तेल प्यायला लावलं आणि स्वतः पळत सुटला. जू एकच, त्यामुळे म्हाताऱ्या पाखऱ्यालाही पळावं लागलं.

तरी रोपानं लांबून हाक दिली, "दादा, पाणी नाही आलं."

पाखऱ्या धापा टाकत म्हणाला, "चांद्या, एकदा पाटाच्या कडेनं चालून बघू या. पाणी कुठं जातं ते तरी कळेल."

"बघत बसायला वेळ कुणाला आहे? तेवढ्यात दोन मोटा ओढून होतील!"

एके दुपारी पाखऱ्या जुवाखाली बसला, तो उठलाच नाही.

ही बातमी रोपाला सांगायला चांद्या पहिल्यांदाच पाटाच्या कडेनं निघाला. चार पावलांवर बुडबुड ऐकू आली. पाटाच्या बांधात खेकड्याचं बीळ होतं आणि सगळं पाणी त्यातून ओढ्याकडे चाललं होतं. चांद्यानं चिखलावर खूर दाबला. बीळ बुजलं. पाखऱ्यानं ओढलेल्या शेवटच्या मोटेचं पाणी हळूहळू पुढं सरकत रोपापाशी पोचलं.

"दादा, पाणी आलं!" रोप हरखून म्हणालं. "पाखऱ्याबाबांना सांग, आता पळू नका म्हणावं."