नुसत्या व्हॉल्व्हचा आवाज

"गाणारीला बाजूला काढ, तबला बाजूला काढ, तबकडीसुद्धा काढून ठेव! मला नुसत्या व्हॉल्व्हचा आवाज ऐकायचाय. उद्या सकाळी! नाही ऐकवलास तर बायकोपोरीसकट खोली रिकामी कर!"

भैरवाडीच्या राजेसाहेबांनी असा हुकूम सोडला आणि सोपानच्या तोंडचं पाणीच पळालं. राजेसाहेबांचं गाण्याचं जुनं यंत्र सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. ते यंत्र काचेच्या दिव्यांवर चालायचं. आतली तार तांबूस पेटली, दिवे चांगले तापले, की मग गाणं यायचं. त्या दिव्यांनाच व्हॉल्व्ह म्हणायचे.

राजेसाहेबांना या व्हॉल्व्हचं भारी वेड. त्यांच्याकडे तीन जोड्या होत्या. एक जर्मनीची, बोटीनं मागवलेली. एक मामासाहेबांनी विलायतेहून आणलेली. आणि एक कुठली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, जुन्या बाजारातल्या तुटक्या रेडिओबरोबर आलेली; ती कधी कुणी लावूनच पाहिली नव्हती. रोज संध्याकाळी पहिल्या दोन जोड्या आलटूनपालटून बसवायच्या, तीच तबकडी लावायची आणि भांडायचं!

राजेसाहेब म्हणायचे, "जर्मनीचा आवाज गोड!"

मामासाहेब म्हणायचे, "छे! तो गोडवा बाईच्या गळ्याचा. व्हॉल्व्ह माझाच चांगला!"

कारभारी फडतरे आधी राजेसाहेबांकडे बघायचे, मग मामासाहेबांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अगदी खरं!" कुणाचं खरं, ते काही सांगायचे नाहीत. शेवटी राजेसाहेब चिडले आणि हा हुकूम सुटला.

सोपान खोलीवर येऊन डोक्याला हात लावून बसला. बायकोला म्हणाला, "हौसा, सामान बांध. गाणं लावल्याशिवाय व्हॉल्व्ह बोलणार कसा?"

पोरगी सहा महिन्यांची, बाहेर ही थंडी. जायचं तरी कुठं? हौसा पोरीला मांडीवर थोपटत होती. मग म्हणाली, "अहो, गाणं नको असं सरकार स्वतःच म्हणाले ना?"

"स्वतःच म्हणाले."

"मग नका लावू!"

"अगं, मग ऐकवू काय? माझं डोकं?"

"ते मी बघते. तुम्ही नुसते दिवे बदला आणि तोंड उघडू नका."

सकाळी हौसा पोरीला कडेवर घेऊन दिवाणखान्यात हजर! कारभारी ओरडले, "ही पोर घेऊन कशाला आली? इथं काय बारसं आहे?"

"बारसं झालं की जी! तुम्ही दोनदा बासुंदी मागून घेतलीत, विसरलात?"

मामासाहेब खुदकन हसले. राजेसाहेब चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "बरं, चालू दे."

सोपाननं जर्मनीची जोडी बसवली. दिवे तांबूस झाले. हौसानं त्याला आवाजाचं बटण पुरतं फिरवायला सांगितलं आणि म्हणाली, "सरकार, आता कुणी बोलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

सगळे गप्प झाले. यंत्राच्या कर्ण्यातून बारीक आवाज यायला लागला, घूंऽऽऽ!

"वा! काय तंबोरा लागलाय!" कारभाऱ्यांनी मान डोलावली.

मग विलायती जोडी बसली. सूंऽऽऽ आवाज आला. मधेच चट्ट, पुन्हा सूंऽऽऽ!

मामासाहेबांनी डोळे मिटले. "समुद्र! विलायतेचा समुद्र ऐकतोय मी!"

मग तिसरी जोडी बसली. दिवे पेटले आणि... काहीच नाही! बाहेर चिमण्या भांडत होत्या, त्या ऐकू आल्या. राजेसाहेबांच्या खिशातलं घड्याळ ऐकू आलं.

"हा तर मेलेलाच आहे!" कारभारी म्हणाले.

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, मी आवाज मागितला होता. हा मुका व्हॉल्व्ह दाखवून मला फसवतेस?"

"नाही सरकार. दोघांचा आवाज नुसताच ऐकवला की नाही? या तिसऱ्याला स्वतःचा आवाजच नाही, तर मी आणू कुठून? म्हणून तर तो सगळ्यांत चांगला!"

"आवाज नाही म्हणून चांगला? हे कसलं बोलणं?"

"सरकार, चहा कसा झालाय?"

"चहा? झकास झालाय."

"त्याला गाळणीची चव लागते?"

"गाळणीची कशाला लागेल?"

"आणि लागली तर?"

"तर मी ती गाळणी उचलून..." राजेसाहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी कपाकडे बघितलं, मग त्या तीन जोड्यांकडे बघितलं. "सोपान, लाव रे तबकडी!"

सोपाननं आवाजाचं बटण बेताचं केलं आणि तबकडी लावली. गाणं सुरू होण्याआधी गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वास ऐकू आला. मग तिच्या बांगड्या किणकिणल्या. मग सूर लागला!

"अरे! इतकी वर्षं ही तबकडी ऐकतोय," राजेसाहेब म्हणाले, "आणि हिच्या हातात बांगड्या आहेत हे आज कळलं!"

"मी तेच म्हणणार होतो," कारभारी म्हणाले.

"तुम्ही तंबोरा ऐका!" राजेसाहेब हौसाकडे वळले. "जिंकलीस तू! ती खोली आता कायमची तुमची. आणखी काय हवं ते माग."

हौसानं पोरीला खांद्यावर घेतलं. "ते जर्मनीचे दिवे द्या जी. कुणी असं घूंऽऽऽ गुणगुणल्याशिवाय ही झोपत नाही, आणि माझा गळा दुखतो."

"माझे जर्मनीचे व्हॉल्व्ह? पोर झोपवायला?" राजेसाहेबांचे डोळे मोठे झाले. "अगं, आणि नुसते दिवे घेऊन करशील काय? ते लावायला यंत्र नको का?"

"ते सरकारांच्याच ध्यानात आलं, बरं झालं! मी आपल्या तोंडानं कशी मागणार?"

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले, की कपातला सगळा चहा बशीत आला. डोळे पुसत त्यांनी हाक मारली, "फडतरे! माझ्या निजायच्या खोलीतलं ते धाकटं यंत्र उचला आणि हिच्या खोलीवर पोचवा. स्वतः!"

"सरकार, ते फार जड आहे हो!"

"मग हळू चाला!"