काजळी धरलेली बंदूक

एका डोंगरी राज्यात एक नेमबाज होता. घाटाची राखण त्याच्याकडे होती आणि नेमबाजीत त्याचा हात धरील असा पंचक्रोशीत कोणी नव्हता. गडी गुणी, पण बंदुकीची नळी आतून धुवायची म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर यायचं.

"रोज वापरतोय की. धुवायची कशाला?" असं म्हणून तो बंदूक खुंटीला टांगून मोकळा व्हायचा. लाकडी दस्ता मात्र बाहेरून चकचकीत ठेवायचा, लोकांना दिसतो ना!

दारूची काजळी नळीत थरावर थर साचत गेली. गोळी उजवीकडे सरकू लागली. मग या शहाण्याने काय करावं? नळी धुवायची सोडून तो नेमच डावीकडे धरू लागला, आधी बोटभर, पुढे चांगला वीतभर. गोळी लागत होती, लोक वाहवा करत होते. आपलं काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

दसऱ्याला राखणदाराने राजासमोर झाडाला टांगलेलं मडकं फोडायचं, अशी तिथली रीत होती. बार दोनच. दोन्ही चुकले तर राखण दुसऱ्याकडे जायची.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्याच्या बायकोने पूजेसाठी बंदूक खाली घेतली. नळीत गरम पाणी ओतलं तर काळंकुट्ट पाणी बाहेर आलं. गजाला चिंध्या गुंडाळून, चिंधी पांढरी निघेपर्यंत तिने नळी पुसली.

"अहो, नळी आतून धुतलीय बरं का," ती म्हणाली.

"बरं केलंस," तो म्हणाला, पण त्याचं लक्षच नव्हतं.

दसऱ्याला त्याने सवयीने वीतभर डावीकडे नेम धरून बार काढला. गोळी मडक्याच्या डावीकडून निघून गेली. लोक हसले. नेमबाजाचा चेहरा उतरला.

"महाराज, हिने बंदूक धुतली आणि बिघडवली," त्याने बायकोवर खापर फोडलं.

"एक बार उरलाय," राजा एवढंच म्हणाला.

नेमबाज गोळी ठासायला लागला. एरवी गजाने अंगातलं सगळं बळ लावावं लागे, आज गोळी सुळकन खाली गेली. तो थबकला. बंदूक नवी होती तेव्हा गोळी अशीच जायची आणि तेव्हा तो नेमही सरळ धरायचा.

त्याने बंदूक उचलली. हात डावीकडे ओढ घेत होता. त्याने तो हट्टाने सरळ आणला आणि चाप ओढला. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"वा! काय नेम आहे!" राजा म्हणाला.

गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण बायको समोरच उभी होती, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"महाराज, बंदूक हिने सुधारली. वाकडा नेम मी धरत होतो, आणि दोष हिला दिला."

राजाने घाटाची राखण त्याच्याकडेच ठेवली. घरी आल्यावर त्याने स्वतः चुलीवर पाणी तापत ठेवलं.

तात्पर्य: दोष काढून न टाकता नुसता सांभाळून घेत राहिलो, की एक दिवस सरळ गोष्टच आपल्याला बिघडलेली वाटू लागते.