यमीचा किल्ला आणि राजाच्या बंद पेट्या

एक होता राजा. त्याचं नाव रत्नशेखर. आणि एक होती मुलगी, तिचं नाव यमी. गोष्ट खरी यमीचीच आहे, पण राजाचं आधी सांगते. राजेलोकांना मागे बसवलं की ते रुसतात, बरं का.

या राजाच्या नगरात भिवा नावाचा म्हातारा सुतार होता. तो जोडकिल्ले करायचा. म्हणजे काय, तर लाकडाचे एवढे एवढे ठोकळे. प्रत्येकाच्या डोक्यावर खुंटी आणि पोटाखाली भोक. एकावर एक ठेवले की टक्कन बसायचे. त्यांची तटबंदी व्हायची, बुरूज व्हायचे, दरवाजे व्हायचे. आणि किल्ल्यात राहायला कोण? तीन डोळ्यांचा राक्षस, सात फण्यांचा नाग, पंखांचा घोडा, चिमण्या पऱ्या. त्यांचे हात निघायचे, डोकी निघायची, पंख निघायचे. दर दसऱ्याला भिवा नवी पेटी काढायचा आणि सगळं नगर वेडं व्हायचं.

राजा तर सगळ्यात वेडा. दर दसऱ्याची पहिली पेटी राजाची. पण तो ती उघडायचा नाही! पेटीवर लाल लाखेची मोहोर मारायचा आणि एका मोठ्या महालात मांडून ठेवायचा. अशा तीस वर्षांच्या पेट्या होत्या. रोज सकाळी राजा मोरपिसांनी त्यांच्यावरची धूळ झटकायचा. म्हणायचा, ‘कशा कोऱ्या आहेत! हात लागला की संपलं.’

आता यमी. यमी अकरा वर्षांची. तिची आई सगुणा कल्हईवाली होती. लोकांची तांब्यापितळेची भांडी घ्यायची, भात्याने विस्तव फुलवायची, आतून कथील फिरवायची, की भांडं कसं चांदीसारखं व्हायचं. मायलेकी दोघीच. कोरी पेटी त्यांच्या घरात कधी आली नाही. मग यमी काय करायची? सरदारांच्या वाड्यांमागे उकिरडे असायचे. तिथे मोडका राक्षस टाकलेला, पंख तुटलेला घोडा टाकलेला. यमी ते वेचून आणायची, धुवायची, पुसायची आणि मांडी घालून बसायची.

एका राक्षसाला उजवा हात नव्हता. यमीने त्याला मोडक्या पळीचा दांडा बसवला. त्याचं नाव पळीहात्या. एका नागाचा एकच फणा शिल्लक होता. यमीने सहा चिंचोके घासले, त्यांना भोकं पाडली, रंगवले आणि फणे करून लावले. त्याचं नाव चिंचोक्या. घोड्याला तिने आईकडच्या कथलाचे पंख ठोकून दिले, पातळ, पिंपळाच्या पानासारखे. ऊन पडलं की ते असे लकाकायचे! आणि या सगळ्यांना राहायला तिने ओट्यावर किल्ला बांधला. दहा किल्ल्यांचे तुकडे त्या एका किल्ल्यात. एक बुरूज हिरवा, एक निळा, दरवाजा तर चक्क जात्याच्या खुंट्याचा.

सगळ्यात जास्त जीव तिचा चिंचोक्यावर. तो करायला तिला अख्खा पावसाळा लागला होता.

मग काय झालं, गल्लीतली पोरं जमायला लागली. मग पलीकडच्या गल्लीतली आली. म्हातारा भिवासुद्धा यायचा. चिंचोक्याला उलटासुलटा करून बघायचा आणि खो खो हसायचा. म्हणायचा, ‘हे मला नव्हतं सुचलं गं!’

एक दिवस राजाची पालखी तिथून चालली होती. राजाने बघितलं, पालखीकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळे त्या ओट्याला चिकटलेले. राजा उतरला, गर्दीतून पुढे गेला आणि त्याने किल्ला पाहिला. त्याचं तोंडच वाकडं झालं.

‘राक्षसाला पळी? नागाला चिंचोके? पेटीत असतो तसा नाही हा! खेळ बिघडवलाय!’

यमी म्हणाली, ‘महाराज, मोडका होता. मी चांगला केला.’

राजा फणकाऱ्याने वळला. पालखीत बसला आणि गेला. आणि दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, की पेटीत असतो तसाच खेळ ठेवायचा. जो बदलेल त्याचा खेळ जप्त.

हे कसलं राज्य, सांगा बघू? मला तर सांगतानासुद्धा राग येतो.

मग पहिल्यांदा शिपाई आले. त्यांच्या नाइकाने ओट्यावरून चिंचोक्याला उचललं आणि थैलीत टाकलं. यमी धावली, ओरडली, रडली. आई म्हणाली, ‘गप बस गं यमे. राजाचं काम आहे.’ यमी गप बसली. पण तिच्या पोटात राग आला. मोहरीएवढा.

मग दुसऱ्यांदा शिपाई आले. त्यांनी पळीहात्याला नेलं. यमीने त्याचा पाय धरून ठेवला होता, तर नाइकाने तिची बोटं एकेक करून सोडवली. आई म्हणाली, ‘गप बस गं, माझ्या बाई. आपण दोघीच आहोत.’ यमी गप बसली. पण राग झाला लिंबाएवढा. तिला जेवण जाईना, की पाणी गोड लागेना.

आणि मग तिसऱ्यांदा शिपाई आले. या वेळी अख्खा किल्लाच पोत्यात भरला. घोडा खाली पडला तर एकाने त्याच्या पंखावर पाय दिला. नाइकाने आत डोकावून विचारलं, ‘हे कथील कुठून येतं? इथूनच ना?’ आणि त्याने सगुणेच्या भात्यावर तलवार चालवली. टर्रकन कातडं फाटलं. चूल विझली.

शिपाई गेले. यमी आईकडे बघत राहिली. आई फाटका भाता मांडीवर घेऊन बसली होती. या वेळी ती ‘गप बस’ म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही. फाटलेल्या कडा एकमेकींना लावून बघत होती, आणि त्या लागत नव्हत्या.

तेव्हा यमीचा राग किती मोठा झाला म्हणू? त्याला मापच नव्हतं. तिचे कान तापले. हात तापले. ओट्यावर कथलाचा एक तुकडा पडला होता, तो तिने उचलला तर तो तळहातावरच वितळला. पाण्यासारखा! आणि हात भाजला नाही, बरं का. यमीने हात झटकला आणि ती चालायला लागली.

भर दुपारची वेळ. यमी पुढे, मागून गल्लीतली सगळी पोरं. ओल्या मातीत यमीचं पाऊल पडायचं आणि तिथली माती विटेसारखी भाजून निघायची. अंगावरून वारा गेला, तर तो गरम होऊन पुढे जायचा.

राजवाड्याचा पहिला दरवाजा आला. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. यमी थांबली नाही. भाल्यांची टोकं मान टाकलेल्या फुलांसारखी खाली वाकली. दुसरा दरवाजा आला. त्याला लोखंडाचा अडसर होता, तो लाल झाला, पांढरा झाला आणि टपटप गळून पडला. तिसरा दरवाजा होता पेट्यांच्या महालाचा. तो उघडाच होता.

आत राजा होता आणि शेजारी भिवा सुतार. राजाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. समोर मेजावर पळीहात्या, पंख चेपलेला घोडा आणि पोतंभर किल्ला. राजा सांगत होता, ‘भिवा, तुझ्या कलेचं मी रक्षण केलं बघ. ही पोर तुझी कला नासवत होती.’

राजाला वाटलं, आता भिवा मुजरा करील. भिवाचे ओठ थरथरायला लागले. पण रागाने!

‘महाराज, मी प्रत्येक तुकड्याला खुंटी कशाला ठेवली? निघावा म्हणून! दुसऱ्याला लागावा म्हणून! तसाच ठेवायचा असता तर सरसाने चिकटवला नसता का? तीस वर्षं मी तुम्हाला पेट्या देतोय. त्यातल्या एकालाही अजून ऊन माहीत नाही!’

राजा चिडला. तेवढ्यात त्याला यमी दिसली. ती मेजाकडे बघत होती. तिने पळीहात्याला बघितलं, घोड्याला बघितलं, पोत्यात हात घालून चाचपलं.

‘माझा नाग कुठे आहे?’

राजा मुकुट सारखा करायला लागला.

‘चिंचोक्या कुठे आहे?’

‘तो... तो जाळला,’ राजा म्हणाला. ‘मुदपाकखान्याच्या चुलीत टाकला. असला बिघडलेला खेळ ठेवायचा नसतो.’

मग यमी ओरडली. काय ओरडली, ते शब्दांत नव्हतंच. अख्खा पावसाळा त्या ओरडण्यात होता. आणि आईचं ते गप्प बसणं होतं. महाल असा तापला, असा तापला, की पेट्यांवरच्या लाल मोहोरा वितळायला लागल्या. एक वितळली. दहा वितळल्या. लाख भिंतीवरून ओघळली आणि सगळ्या पेट्यांची झाकणं फटाफट उघडली.

आतून ते बाहेर आले. जिवंत! राक्षस आले, नाग आले, पऱ्या आल्या, घोडे आले. सगळे डोळे चोळत होते. एक तीन डोळ्यांचा राक्षस, बोटभर उंचीचा, खिडकीशी गेला आणि त्याने विचारलं, ‘याला सकाळ म्हणतात का?’

‘दुपार म्हणतात,’ यमी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला.

राक्षस बराच वेळ उन्हाकडे बघत राहिला. मग वळला. मग सगळेच वळले, राजाकडे.

पुढे काय विचारता! नागांनी राजाचे जोडे एकमेकांना बांधले. घोड्यांनी मुकुट उडवून नेला आणि झुंबराला अडकवला. पऱ्या दिसायला चिमण्या, पण त्यांनी मिशा ओढल्या, हो! राजा पडला, उठला, पुन्हा पडला आणि शेवटी एका कपाटावर चढून बसला.

‘पोरी, आवर यांना! मी तुला माफ केलं!’

यमीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही गरमच. आता ती अहो-जाहो विसरली.

‘मला माफ? मी काय केलं म्हणून माफ? मोडकं टाकलेलं मी जोडलं. तू जोडलेलं मोडलंस! माझ्या आईचा भाता फाडलास. तिने तुझं काय केलं होतं? माफी तू माग. आणि मला नको, तिला माग.’

राजा कपाटावर पाय आखडून बसला होता. हळूच म्हणाला, ‘मला वाटायचं, उघडलं की संपून जाईल.’

यमीला वाईट वाटलं. पण थोडंच. ती म्हणाली, ‘खाली उतर.’

राजा खाली उतरला. अनवाणी, बिनमुकुटाचा, यमीच्या मागून चालत सगुणेच्या दारात आला. त्याने हात जोडले. सगुणा म्हणाली, ‘हात जोडून भाता जुळत नाही.’ मग राजाला मोच्याकडे बसवलं. दाभण हातात घेऊन त्याने स्वतः भाता शिवला. चार वेळा बोटात टोचून घेतलं. मग शिक्षा ठरली. त्या दिवसापासून नगरातली सगळी भांडी राजाच्या खर्चाने कल्हई करून द्यायची आणि भाता राजाने मारायचा. नाइकाने काय करायचं? घरोघर जाऊन भांडी डोक्यावरून आणायची आणि पोचवायची. राजाचं तोंड काजळीने काळं व्हायचं आणि सगुणा ओरडायची, ‘हळू! कथील करपेल! कोणी शिकवलंय का तुम्हाला काही?’

पेट्यांमधली सगळी मंडळी नगरातल्या पोरांकडे गेली. पोरांच्या हातात गेली की ती पुन्हा लाकडाची व्हायची, पण हसऱ्या तोंडाची. काहींचे हात तुटले. काहींना नवे हात लागले. भिवा गल्लोगल्ली बघत फिरायचा.

पळीहात्या, घोडा आणि किल्ला परत ओट्यावर आले. पण चिंचोक्या काही आला नाही. राजाने सोनाराकडून सोन्याचा नाग करून आणला, डोळ्यांत माणकं घातलेली. यमीने तो परत दिला. म्हणाली, ‘हा माझा नाही.’ आणि ती राजाशी बोलायची बंद झाली. एक महिना गेला, दोन गेले, हिवाळा गेला. सगळे म्हणायचे, ‘आता जाऊ दे ना यमे.’ यमी म्हणायची, ‘नाही जात. मी काय करू?’ जळलेलं ते जळलेलंच, बाळांनो. त्याचा राग कोणाच्या सांगण्याने जात नाही. तो आपल्या वेळेने जातो.

मग उन्हाळ्यात एकदा काय झालं, भाता मारून झाल्यावर राजा ओट्याच्या अगदी कडेला बसला. त्याने खिशातून कोणीतरी टाकलेला एक मोडका राक्षस काढला आणि त्याला काहीतरी लावायला लागला. आंब्याची कोय होती ती, घासलेली. त्याला राक्षसाची ढाल करायची होती. बसेचना. पुन्हा लावली, पुन्हा पडली. जीभ बाहेर काढून, घाम गाळत, राजा आपला लावतोच आहे.

यमी किती वेळ बघत होती कोण जाणे. शेवटी ती म्हणाली,

‘उलटी धरलीय.’

राजाने कोय सुलटी केली. टक्कन बसली.

मग यमी थोडी सरकली आणि राजाला ओट्यावर नीट बसायला जागा झाली. दोघांनी मिळून सूर्य मावळेपर्यंत बुरूज बांधला. सगुणेने दोघांनाही भाकरी दिली. पुढे यमी मोठी झाली, भिवाच्या हाताखाली सुतारकाम शिकली आणि त्या नगरातली माणसं पोटभर जेवून, मनसोक्त खेळून आनंदात राहिली.

झाली गोष्ट. तू पाय पांघरुणात घे, आणि तू तो ठोकळा उशीखालून काढ, टोचेल. मिटा आता डोळे.