एका हाताचा लंगोट

"पण वस्ताद, दोन हातांच्या गड्यानं एका हाताच्या गड्याशी लढायचं, ही काय कुस्ती झाली व्हय?"

सर्जेरावानं विचारलं खरं, पण उत्तर त्याच्या ओठांवर आधीच तयार होतं. पंचक्रोशीत त्याच्या पाठीला माती लागली नव्हती. आणि अण्णाप्पा वस्तादांनी येत्या परवाच्या जत्रेसाठी त्याची जोड लावली होती कुणाशी, तर केरबाशी!

केरबा त्याच तालमीतला. नऊ वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. तरी या साली त्यानं भल्याभल्यांना लोळवलं होतं, आणि सर्जानं ते काठावरून बघितलं होतं.

वस्ताद आखाड्यातली माती खोऱ्यानं उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मग तुझं म्हणणं काय?"

"माझा बी डावा हात पाठीशी बांधा. बरोबरी हुईल. लोक म्हणतील, सर्जानं न्याय केला."

केवढं मोठं मन! सर्जाला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"मग परवा कशाला? आत्ताच बांधू की."

वस्तादांनी खांद्यावरच्या पंच्यानं त्याचा हात पाठीशी गच्च आवळला.

"जा, लंगोट कसून ये. केरबाशी दोन पकडी कर."

आता आली का पंचाईत! सर्जानं चड्डीवरनंच लंगोट कमरेला लावला. एक टोक धरावं तर दुसरं सुटे. दुसरं धरावं तर फडकं घसरून पायांत. भिंतीला टेकून बघितलं, दातांत धरायला वाकून बघितलं... कशाचं काय! अंग घामानं निथळलं आणि मातीत अजून पाऊल पडलं नव्हतं.

"वस्ताद, कुणीतरी टोक धरा की."

"तालमीचा रिवाज काय हाय?"

ज्याचा लंगोट त्यानंच कसायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे काय सर्जाला ठाऊक नव्हतं?

केरबा लंगोट कसून, मारुतीच्या पाया पडून केव्हाचा उभा होता. त्याला राहवलं नाही. त्यानं भिंतीतल्या खुंटीकडं बोट केलं.

"टोक तितं अडकव. आन् हात नगं फिरवू. तू फिर."

सर्जानं टोक अडकवलं, स्वतःभोवती गिरकी घेतली. फडकं कमरेला चापून बसलं. वेडावाकडा का होईना, लंगोट झाला. सर्जाला मोठं नवल वाटलं.

"हे तुला कुणी शिकवलं रं?"

"खुंटीनं," केरबा हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"सर्जा, एक मागू? परवा हात बांधून येऊ नगंस. तुला पाडलं तर लोक म्हनतील, सर्जानं कुस्ती दिली. नऊ वर्षं मला समदी देत्यातच. मला एकदा घ्यायची हाय."

सर्जाला त्याच्याकडं बघवेना. तो तसाच, बांधल्या हातानं, वस्तादांपाशी गेला.

"वस्ताद... हात गेल्यावर पयल्या दिवशी केरबाला लंगोट कसायला किती वेळ लागला?"

"दिवस मावळला. फडकं मांडीवर घेऊन त्या खांबाशी रडत बसला. तिसऱ्या दिवशी मातीत उतरला."

"आन् तुमी नुसतं बघत बसला?" सर्जाचा आवाज चढला. "तुमास्नी दोन हात हुते की! का न्हाई बांधून दिलात?"

वस्तादांनी खोरं खाली ठेवलं. सर्जाच्या पाठीमागं जाऊन पंच्याची गाठ सोडली. हात मोकळा झाला...

"दिला असता बांधून," ते म्हणाले, "तर आज तू कुणाला भिऊन हात बांधायला माझ्याकडं आला असतास?"