भोपळ्याचा केक आणि सुताराचा पहिला घास

डोंगरापलीकडे एक गाव होतं. थंडी अशी कडाक्याची, की तिथे भात यायचा नाही. यायचे ते जव आणि तांबडे भोपळे. जवाची घरोघरी बिअर व्हायची आणि भोपळ्याचे वेल छपरांवर चढायचे. पानगळ सुरू झाली की भोपळे उतरवायचे, आणि शेवटचा भोपळा खाली आला की सगळ्या गावानं चावडीपुढे जमून भोपळ्याचा केक खायचा, असा तिथला रिवाज होता.

हा केक करायच्या गावातल्या पावाच्या भट्टीवाल्या बाई. त्यांना लहानथोर सगळे आत्याबाई म्हणत. केक इतका हलका, की तोंडात ठेवला की संपलाच. "आत्याबाई, घालता तरी काय यात?" असं बायका विचारायच्या.

"भोपळा, गूळ, कणीक, लोणी. बाकी माझा हात!" आत्याबाई मान उडवून सांगायच्या.

खरी गोष्ट वेगळी होती. एकदा पीठ फार घट्ट झालं, हाताशी दूध नव्हतं, म्हणून त्यांनी मडक्यातली बिअर ओतली, आणि केक असा काही फुगून आला की ज्याचं नाव ते! तेव्हाच सांगून टाकलं असतं तर लोक घटकाभर हसले असते आणि विसरले असते. पण कौतुक गोड लागतं हो! आत्याबाई गप्प बसल्या, आणि मग दरवर्षी गप्पच बसावं लागलं. 'भट्टीत बिअर उडूनच जाते, उरतो तो नुसता वास,' अशी त्या मनाची समजूत घालायच्या. आणि ज्या गावात प्रत्येकाच्या तोंडालाच बिअरचा वास, तिथे केकचा वास कळणार कोणाला?

केक खाण्याचीही एक पद्धत होती. वर्षभरात ज्यानं सगळ्यात अवघड काम केलं असेल, त्याला पहिला तुकडा. त्यानं तो खाल्ल्याशिवाय बाकी कोणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "यंदाचा पहिला तुकडा आपल्या सुताराला. वर्ष झालं, गड्यानं बिअरचा थेंब तोंडाला लावलेला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा सुतार पूर्वी इतका प्यायचा, की सकाळी त्याच्या हातात रंधा ठरायचा नाही. बायको दोन लेकरं घेऊन माहेरी निघून गेली होती. परत आली ती एका अटीवर. "ज्या दिवशी पुन्हा प्याल, त्या दिवशी मी निघाले. मग समजूत काढायला येऊ नका," असं तिनं बजावलं होतं. सुतारालाही स्वतःची खोड ठाऊक होती. एक घोट गेला की त्याला थांबता येत नसे.

पहिला तुकडा सुताराला जाईल, हे आत्याबाईंच्या मनातही आलं नव्हतं. पण केक कापून झाला होता आणि सगळं गाव बघत होतं. त्यांनी तुकडा सुताराच्या हातावर ठेवला.

सुतारानं तो तोंडाजवळ नेला आणि तिथेच थबकला. त्यानं हात खाली घेतला.

"खा की रे!" मागून कोणीतरी ओरडलं. "पोरं ताटकळलीत!"

"याला..." सुतार चाचरत म्हणाला, "याला बिअरचा वास येतोय."

झालं! सगळे खो खो हसत सुटले.

"दारुड्याला जिथेतिथे बिअरच दिसायची!"

"तल्लफ आलीय हो, दुसरं काय!"

सुताराची बायको मात्र हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं धाकट्याला कडेवर घेतलं आणि ती नवऱ्याकडे बघत राहिली.

पाटलांनी सगळ्यांना गप्प केलं. "आत्याबाई, तुम्हीच सांगा. आहे का यात बिअर?"

आत्याबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "छे हो! भोपळा, गूळ, कणीक, लोणी. बाकी माझा हात."

त्यांना वाटलं, आता सुतार चिडेल, भांडेल, तुकडा फेकून देईल. चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं ओशाळून मान खाली घातली.

"माफ करा, आत्याबाई," तो म्हणाला. "तुम्ही कशाला खोटं बोलाल? माझंच नाक बिघडलंय. इतकी वर्षं प्यायलो, आता स्वतःवर विश्वास तरी किती ठेवायचा?" आणि त्यानं तुकडा पुन्हा तोंडाशी नेला.

आत्याबाई धावल्या आणि त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"खाऊ नकोस! बिअर आहे. मडकंभर आहे. दरवर्षीच असते. तुझं नाक चांगलं आहे रे बाबा, खोटं मी बोलले."

मग काय विचारता! "आमच्या पोरांना बिअर चारलीत?" म्हणून बायका अंगावर आल्या. पाटलांनी तोंड फिरवलं. आत्याबाईंना रडू आवरेना, पण त्या तिथून हलल्या नाहीत. त्यांनी भोपळ्याची एक फोड निखाऱ्यात भाजली, वर लोणी आणि गूळ घातला आणि ती सुतारापुढे ठेवली. तोवर सगळं गाव उपाशी, चडफडत बसलं होतं. सुतारानं ती फोड सावकाश खाल्ली.

पुढे बरेच दिवस आत्याबाईंच्या भट्टीकडे कोणी फिरकलं नाही. लोक पाव आणायला घाटाखालच्या गावात जायचे. मग एके दिवशी सुतारीण आली.

"लेकाचा वाढदिवस आहे. भोपळ्याचा केक हवाय," ती म्हणाली.

"दूधच घालीन गं, शपथ घेते..." आत्याबाई घाईघाईनं सांगू लागल्या.

"शपथ कशाला?" सुतारीण म्हणाली. "त्या दिवशी सगळं गाव तुमचंच खरं मानत होतं. तरी तुम्ही ह्यांचा हात धरलात. मला तेवढं पुरे."

दुधाचा केक जरा जडच झाला. सुतारानं त्याचे दोन तुकडे मागून खाल्ले.

तात्पर्य काय, तर आपल्या शब्दावर विसंबून कोणी घास उचलला असेल, तर त्या घासात काय आहे ते त्याला खरंखरं सांगावं, मग चारचौघांत आपली मान खाली गेली तरी चालेल.