बहुरूप्यानं आणलेलं देवाचं उत्तर

गोष्टीतले राजे शहाणे असतात म्हणे. आमचा रणधवल राजा तसला नव्हता. पोट पुढं, अक्कल मागं. त्यानं गावाच्या तळ्याला कुंपण घातलं, का तर म्हणे त्याच्या हत्तींना आंघोळ पाहिजे! बायका लांबून पाणी वाहू लागल्या. कुणी देवाचं नाव काढलं, की हा हसायचा.

"तुमचा देव चांगला, वर सगळी ताकद त्याचीच. मग मी वाईट वागलो तेव्हा मला अडवलं का नाही? म्हणजे देवच नाही. तळं माझं!"

शास्त्रीबुवा डोकं खाजवत बसले. सोंगं घेऊन पोट भरणारा सटवा बहुरूपी मात्र म्हणाला, "सरकार, उद्या देवाचं उत्तर आणतो. पटलं तर तळं सोडा."

"आण की! नाही पटलं तर तुझी सोंगं कायमची बंद."

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव दरबारात. सगळ्यांना वाटलं, सटवा शंकर होऊन येणार. पठ्ठ्या आला हुबेहूब राजा होऊन! तोच फेटा, त्याच मिशा, पोटाला उशी.

राजा भडकला. "माकडा, माझं सोंग कशाला?"

"हेच उत्तर, सरकार. देव म्हणाला, 'वाईट अडवायला मी माणूस कधीच पाठवलाय. फौज दिली, हुकूम दिला. तो एका शब्दात तळं मोकळं करील.' तो असा दिसतो म्हणे. तुम्ही कुठं बघितलात का?"

नाही म्हणावं, तर आपण राजाच नाही. हो म्हणावं, तर तळं गेलं.

"बघितला," राजा पुटपुटला.

कुंपण दुपारीच निघालं. सटवा ऐटीत बाहेर पडला, तर दारावरच्या शिपायांनी त्यालाच वाकून मुजरा ठोकला.